त्या रात्री घरात कोण होतं?

[शनिवार पेठ. सकाळचे सात. दुधाच्या पिशव्या, अर्धी उघडलेली शटर्स. कॅमेरा वर, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीकडे.]

या इमारतीच्या जागी आमचा वाडा होता. वाडा पाडून फ्लॅट झाले, त्यातला तिसऱ्या मजल्यावरचा आत्याच्या वाट्याला आला. ती बँकेतून निवृत्त झाली तेव्हा कुणी तिला भजनी मंडळ सुचवलं, कुणी योगासनं, कुणी नर्मदा परिक्रमा. तिनं वंशावळ हातात घेतली.

या फिल्मसाठी तिची एकच अट होती. नावं घ्यायची नाहीत. गेलेली माणसं हरकत घेणार नाहीत, म्हणाली, पण त्यांची नातवंडं घेतील. म्हणून इथे फक्त घरात हाक मारायची नावं.

तर, तात्या. आत्याचे आजोबा, माझे पणजोबा. घरात त्यांचा विषय निघाला की मागोमाग ‘एकुलते एक’ हे शब्द यायचेच. एकुलते एक म्हणून लाडके, एकुलते एक म्हणून हेकेखोर, आणि वाड्याची वाटणी भांडणाशिवाय झाली तीही ते एकुलते एक होते म्हणून. शंभर वर्षं हे कुणी तपासलं नाही. तपासायचं काय त्यात?

[कॉम्प्युटरचा पडदा. पिवळट कागदाचं स्कॅन. तिरपं इंग्रजी हस्ताक्षर.]

हा कागद लंडनचा आहे. २ एप्रिल १९११, रविवारची रात्र. इंग्लंडमधल्या प्रत्येक घरात त्या दिवशी असा एक तक्ता भरला गेला. आधीच्या जनगणनांमध्ये घरमालकाचा कागद गणनाधिकारी आपल्या वहीत उतरवून घेई आणि मागे राही ती वही. १९११ला पहिल्यांदा घरमालकांनी स्वतःच्या हातानं भरलेले कागदच जपले गेले. म्हणजे हे अक्षर कुणा सरकारी कारकुनाचं नाही, घरमालकिणीचं आहे. ती विधवा. तिच्या खाली मुलगा, मुलगी, एक मोलकरीण आणि दोन बोर्डर, म्हणजे पैसे देऊन राहणारे-जेवणारे. त्यातला दुसरा बोर्डर म्हणजे तात्यांचे वडील. बॅरिस्टर व्हायला विलायतेला गेलेले. वय २४, कायद्याचे विद्यार्थी, विवाहित, जन्मस्थळ पूना, इंडिया.

हा कागद सापडायला आत्याला तीन वर्षं लागली. आमच्या आडनावात ‘ळ’ आहे. बाईनं तिथं एल लिहिला, सूची करणाऱ्याला तो टी वाटला. आडनावानं शोधून काही हाती लागेना, तेव्हा तिनं नाव सोडून जन्मस्थळ धरलं. लंडनमध्ये राहणारे, पुण्यात जन्मलेले, विशीतले पुरुष. यादी आली, पण बहुतेक गोरे! पुणे आणि खडकीच्या छावणीत जन्मलेली सोल्जरांची मुलं. त्यांच्या गर्दीत हा एक टी असलेला गृहस्थ बसला होता.

[आत्याचे हात, की-बोर्ड. बाजूला चष्म्याची केस आणि झाकण ठेवलेला चहा.]

आत्या ग्रॅम्प्स नावाचं सॉफ्टवेअर वापरते. ते मुक्तस्रोत आहे, फुकट आहे, आणि माहिती आपल्याच कॉम्प्युटरवर राहते. कागद मिळाल्यावर तिनं पहिल्या दिवशी तेच केलं जे सगळे करतात. बॅरिस्टरांचं पान उघडलं आणि त्यात वय, पत्ता, व्यवसाय भरून टाकला. मग घरमालकिणीचं पान केलं, तिथं तोच पत्ता पुन्हा. मग मुलगा, मुलगी, मोलकरीण. सहा माणसं, सहा वेळा तोच पत्ता, आणि त्यातल्या एका ठिकाणी रस्त्याचं स्पेलिंग चुकलेलं. रात्री तिच्या लक्षात आलं आणि सकाळी तिनं सगळं पुसलं.

आत्या : "अगं, व्हाउचर एकच असतं. पोस्टिंग चार खात्यांत होतं. मी प्रत्येक खात्यासाठी नवीन व्हाउचर फाडत बसले होते."

बँकेतल्या माणसाला हे एका दिवसात कळलं. बाकीच्यांना कळायला वेळ लागतो, कारण आपण माणूस शोधत असतो आणि कागद मात्र घराबद्दल बोलत असतो. जनगणनेचा कागद माणसाचं चरित्र सांगत नाही. अमुक रात्री अमुक छपराखाली कोण कोण होतं, एवढंच तो सांगतो. म्हणून नोंद एक. ग्रॅम्प्समध्ये आधी स्रोत बनवायचा, म्हणजे १९११ची जनगणना. मग त्याचं उद्धरण, म्हणजे नेमका कोणता कागद, कोणत्या क्रमांकाचा. मग घटना एकच, प्रकार जनगणना, तारीख २ एप्रिल १९११, स्थळ ते घर. आणि ही एक घटना सहा जणांना जोडायची. प्रत्येकाचं वय, व्यवसाय, घरमालकिणीशी नातं हे त्या जोडणीवर लिहायचं, माणसाच्या मुख्य पानावर नाही. पत्त्यातली चूक दुरुस्त केली की सहाही ठिकाणी दुरुस्त. फॉर्म्स नावाचं एक अ‍ॅड-ऑनही मिळतं, त्यात ब्रिटन-अमेरिकेच्या जुन्या जनगणनांचे रकाने तयार असतात. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. वंशावळीच्या फायली एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्यासाठी जेडकॉम हा साचा वापरतात. त्याच्या ५.५.१ या रुळलेल्या आवृत्तीत अशा सामायिक घटनेला धड जागाच नाही. फाईल नातेवाइकांना पाठवण्याआधी काय गळलं ते पाहून घ्यावं.

आता वयाचं बघा. कागदावर २४. पत्र्याच्या डब्यातल्या पत्रिकेत जन्म शके १८०७, मार्गशीर्ष, म्हणजे १८८५ची अखेर. त्या हिशेबानं २ एप्रिल १९११ला बॅरिस्टर २५ वर्षांचे. बाईनं विचारलं नसेल, अंदाजानं लिहिलं असेल, किंवा यांनीच एक वर्ष चोरलं असेल. आत्यानं जन्मतारीख पत्रिकेची ठेवली आणि जनगणनेच्या जोडणीवर २४च लिहिलं. कागद जे म्हणतो ते तसंच उतरवायचं. तो चुकला असेल तर ती चूक त्याची, ती आपण पुसायची नाही. आडनावाचंही तसंच. मुख्य नाव ‘ळ’चं, आणि पर्यायी नाव म्हणून बाईनं लिहिलेलं एलचं, उद्धरणासकट.

त्याच रात्रीची लंडनमधलीच एक गंमत. स्त्रियांना मताधिकार नाही तर आमची मोजणीही नाही, म्हणून कित्येक बायकांनी जनगणनेवर बहिष्कार घातला होता. एमिली डेव्हिसन ही कार्यकर्ती तर थेट वेस्टमिन्स्टरच्या संसदभवनातल्या तळघरच्या प्रार्थनाघरात, एका कपाटात लपून राहिली. रात्रीचा पत्ता म्हणून पार्लमेंट लागावं, ही तिची युक्ती. तो लागलाही. पण तिच्या खोलीच्या पत्त्यावरही तिची नोंद झाली. एकच बाई दोनदा मोजली गेली.

बोर्डर, घरमालकीण, मोलकरीण, यांना वंशावळीत कशाला घ्यायचं, असं मी आत्याला विचारलं. आपले कोण ते?

आत्या : "त्या बाईनं त्याला तिथं जेवायला घातलं. तुझ्या सख्ख्या काकूनं तुला कितीदा घातलंय?"

काकू ही फिल्म बघणार आहे, याची मी आत्याला आठवण करून दिली. तिनं वाक्य मागे घेतलं नाही. घरमालकीण आमच्या फाईलमध्ये आहे, आमच्या कुणाशीही नातं न जोडता, त्या एका रात्रीपुरती.

[शनिवारवाडा, तटाबाहेरून. मग जुन्या वाड्याचा एकमेव फोटो : दिंडीदरवाजा, ओटा, कोनाडा.]

बॅरिस्टरांची बायको, म्हणजे आत्याची पणजी, तेव्हा इथे होती. याच जागी, वाड्यात, तान्ह्याचे दोन-अडीच वर्षांचे झालेले तात्या कडेवर घेऊन. आणि तिचीही मोजणी झाली. हिंदुस्थानची जनगणना त्या वर्षी १० मार्चच्या रात्री झाली, लंडनच्या बरोबर २३ दिवस आधी. पेठेतून गणनेवाला फिरला असणार, दारात उभं राहून नावं विचारली असणार. तो कागद कुठे आहे? नाही. आपल्याकडे आकड्यांची गोळाबेरीज झाली की घरोघरचे कागद जपून ठेवण्याची पद्धत नव्हती. पुढे १९४८चा जनगणना कायदा आला, त्यानं तर वैयक्तिक नोंदी कायमच्या गोपनीय केल्या. त्या कुणाला पाहता येत नाहीत, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. अमेरिकेत ७२ वर्षांनी कागद खुले होतात, इंग्लंडमध्ये साधारण १०० वर्षांनी. आपल्याकडे मुदतच नाही. म्हणून आमच्या अख्ख्या घराण्यात जनगणनेची ही एकच ओळ आहे, आणि ती घर सोडून गेलेल्या माणसाची आहे. घरात राहिलेली बाई पुण्याच्या लोकसंख्येत एक आकडा म्हणून आहे.

पुण्यात घरं मोजायची सवय तशी जुनी. पेशवाईत तिला खानेसुमारी म्हणत, आणि मोडीतले ते कागद पेशवे दफ्तरात आहेत. आमचा वाडा त्या काळातला नसल्यामुळे आत्याला तिथं काही मिळालं नाही. तळमजल्यावरची एक ट्रंक होती, तिच्यात दस्त आणि पत्रं. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, तेव्हा ती गेली. वाचला तो माळ्यावरचा पत्र्याचा डबा. त्यात दोन पत्रिका, एक खर्चाची वही, आणि १९६१नंतरची भर म्हणून तीन रेशनकार्डं. रेशनकार्डालाही आत्या जनगणनेसारखंच वागवते : घटना एक, कुटुंबप्रमुख एक, खाली नावं, वय, नातं. मी तिला फॉर्म्समध्ये त्याचा स्वतंत्र तक्ता बनवून दिला. एका कार्डावर एक काका सहा वर्षं नऊ वर्षांचेच आहेत.

[पुन्हा स्कॅन. कॅमेरा शेवटच्या ओळीवर. रकाने सहा ते नऊ. आडवी रेघ.]

आता ज्यासाठी ही फिल्म केली ते. विवाहित या शब्दानंतर चार छोटे रकाने आहेत. लग्नाला पूर्ण झालेली वर्षं, जिवंत जन्मलेली एकूण मुलं, हयात, मृत. हे फक्त विवाहित बायकांनी भरायचे होते. सूचना न वाचता कित्येक घरांत पुरुषांच्या आणि विधवांच्या ओळीतही ते भरले गेले, आणि कचेरीत कारकुनांनी ते खोडले. आमच्या घरमालकिणीनंही बोर्डरला विचारून ते भरले. कारकुनानं वेगळ्या शाईनं आडवी रेघ मारली. पण रेघेखालचं वाचता येतं.

५. २. १. १.

लग्नाला पाच वर्षं. मुलं दोन. हयात एक. मृत एक.

आत्यानं हे चौथ्यांदा कागद बघताना पाहिलं. आधी तीन वेळा खोडलेलं आहे म्हणून सोडून दिलं होतं. मग ती गॅलरीत जाऊन उभी राहिली. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "तात्या एकुलते एक नव्हते."

[खर्चाची वही. पान उलटताना बोट.]

त्या मुलाचं नाव कुठे नाही. मुलगा की मुलगी, तेही नाही. आत्यानं जे आहे त्यावरून हिशेब मांडला. पाच पूर्ण वर्षं, म्हणजे लग्न एप्रिल १९०५ ते एप्रिल १९०६च्या दरम्यान. तात्यांचा जन्म पत्रिकेप्रमाणे शके १८३०, श्रावण, म्हणजे १९०८. खर्चाच्या वहीत शके १८३१च्या भाद्रपदात मुंबईपर्यंतचं रेल्वेभाडं आणि एका ट्रंकेची किंमत लिहिली आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर १९०९ला बॅरिस्टर गेले. म्हणजे दुसरं मूल झालं असेल तर फार फार तर १९१०च्या जुलैपर्यंत. तात्यांच्या आधीचं असेल तर लग्नानंतर ते १९०७ या काळातलं, आणि तेव्हा पणजी स्वतःच पंधरा वर्षांच्या आतली. तात्यांच्या पाठचं असेल, तर बापानं ते पाहिलंही नसेल.

मी म्हटलं, प्लेग असेल. १८९६पासून पुण्यात तो येत-जात होता. आत्यानं मान हलवली. कागदावर आहे का? नाही. मग लिहायचं नाही. त्र्यंबकेश्वरच्या आमच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत बॅरिस्टरांच्या परतीनंतरची एखादी भेट असेल आणि त्यात मुलांची नावं असतील, अशी एक आशा आहे. मुलगा असेल तरच. मुलींची नावं त्या वह्यांमध्ये फारशी सापडत नाहीत.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेची आहे. या वेळी स्वतः ऑनलाइन माहिती भरायची सोय असेल. सरकारी प्रत आपल्याला पुढे कधी दिसणार नाही, पण घरची प्रत ठेवायला कुणी अडवलंय? आत्यानं फ्रीजवर कागद लावून ठेवलाय. त्या रात्री घरात कोण होतं ते लिहून, सही करून, डब्यात टाकायचं. मी नेमकी त्या दिवशी बंगळुरूला असले तर माझं नाव त्या कागदावर येणार नाही, हे तिनं मला दोनदा सांगितलं.

[पडदा. वंशावळीच्या चौकटी.]

सॉफ्टवेअरमध्ये बॅरिस्टर आणि पणजी यांच्या कुटुंबात तिनं नवीन अपत्य जोडलं. नाव रिकामं. लिंग अज्ञात. जन्म १९०५ ते १९१०च्या दरम्यान, तारखेचा दर्जा ‘गणिती’, म्हणजे हिशेबानं काढलेली. मृत्यू २ एप्रिल १९११च्या आधी. पुरावा म्हणून खोडलेले चार आकडे, आणि टिपणात एक ओळ की ते खोडलेले आहेत.

मुलांचा क्रम सॉफ्टवेअरला हवा असतो. चौकट कुठेतरी ठेवावीच लागते, तात्यांच्या आधी किंवा नंतर. आत्यानं ती आधी डावीकडे ठेवली. थोडा वेळ बघत बसली. मग माऊसनं ओढून उजवीकडे नेली, पाठचं भावंड म्हणून, आणि चहा गरम करायला उठली.