मिठाच्या पुडीवर तारीख टाका

नमस्कार मंडळी! आज एक छोटंसं काम सांगते. घरात मिठाची नवी पुडी फोडाल ना, तेव्हा तिच्यावर पेनाने तारीख टाका, बास. आता हिशोब बघा, जागतिक आरोग्य संघटना म्हणते मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे साधारण सपाट एक छोटा चमचा, म्हणजे घरात चार मोठी माणसं असतील तर एक किलोची पुडी निदान ५० दिवस जायला हवी. आमची ३१ दिवसांत संपली! आणि यात रविवारची मिसळ धरलेलीच नाही.

मिसळीचं नाव काढलं की नाशिककर चिडणार, माहितीये मला. पण रस्सा खारट, फरसाण खारट, शेजारी पापड, त्या पापडात मीठ आणि शिवाय पापडखार, आणि पापडखारातही सोडियमच, पण तो मिठासारखा जिभेला कळत नाही म्हणून आपण मोजतच नाही. खारी, टोस्ट, ब्रेडचं तेच. हे सोडियम अंगात पाणी धरून ठेवतं, मग रक्तवाहिन्यांवर दाब वाढतो. ज्यांचं वरचं बीपी १३०च्या पुढे फिरतंय किंवा आई-वडिलांना बीपी आहे, त्यांनी आत्ताच हात आखडलेला बरा.

मिसळ बंद करा असं नाही म्हणत हो, पापड सोडा, रस्सा परत मागू नका. घरी आधी कणकेतलं आणि भातातलं मीठ बंद करा, भाजी-आमटीत असतंच की. भाजीतलं मात्र हळूहळू, एकदम कमी केलं तर ताटं तशीच परत येतात! लिंबू, आमसूल, लसूण, जिरं वाढवा, काही आठवड्यांत जिभेला सवय होते.

सैंधव चालतं का, हे सगळे विचारतात. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच, त्यामुळे मोजूनच. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं, किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आणि पाकिटावर सोडियम ४०० मिलिग्रॅम लिहिलं असेल तर ते १ ग्रॅम मीठ समजा.

आमच्या नव्या पुडीला आज २६ दिवस झाले, जवळजवळ निम्मी शिल्लक आहे. सासूबाई रोज बरणी हलवून बघतात, मी दुसरी पुडी गुपचूप ओतत तर नाही ना!