गर्द सुटल्यानंतरचे दिवस जास्त धोक्याचे का असतात?

नमस्कार मंडळी! गर्दवर बोला, गर्दवर बोला, असं बरेच दिवस तुम्ही मागे लागला आहात. तर बोलूया.

प्राथमिक माहिती पटकन उरकतो. गर्द म्हणजे ब्राउन शुगर, भेसळीचं हेरॉईन. मूळ अफूचं. 1898 मध्ये बायर कंपनीनं हेच हेरॉईन खोकल्याचं औषध म्हणून बाजारात आणलं होतं! मेंदूत गेलं की त्याचं मॉर्फिन होतं, डोपामिन नावाचं मेंदूतलं रसायन उसळतं आणि 'हे पुन्हा हवं' अशी पक्की नोंद होते. रोज घेतलं की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. मग तेवढ्याच पुडीनं भागत नाही. बंद केलं की सहा ते बारा तासांत टर्की, म्हणजे नशा तुटल्याचा त्रास, सुरू होतो. नाक-डोळे गळतात, हाडं ठणकतात, जुलाब, उलट्या, झोपेचं नाव नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कहर होतो, मग आठवडाभरात टर्की बरीचशी ओसरते.

इथं एका कमेंटबद्दल बोलायलाच हवं, कारण ती प्रत्येक वेळी येते. 'यांना इच्छाशक्तीच नसते.' मला याचा खरंच राग येतो. अहो, अनेकांना त्या टप्प्यावर मजा अशी राहिलेलीच नसते. फक्त टर्की येऊ नये म्हणून ते ओढतात. एका पुडीसाठी अंग मोडून आलेलं असताना शहरभर पायपीट करणारा माणूस इच्छाशक्तीत कमी नसतो. काय महत्त्वाचं हे ठरवणारी मेंदूतली यंत्रणाच त्या पुडीनं ताब्यात घेतलेली असते.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ केला ते. टर्की संपली म्हणजे धोका संपला, असं घरोघरी समजतात. तसं नाही. तिथून एक वेगळाच धोका सुरू होतो.

हेरॉईन मेंदूतलं श्वासाचं केंद्र मंदावतं. रोज घेणाऱ्याच्या शरीराला ते हळूहळू सवयीचं होतं, म्हणून नवख्याचा जीव घेईल एवढा डोस तो पचवतो. काही आठवडे बंद राहिलं की ही सवय मोडते. पण ओढ मोडत नाही. जुना अड्डा दिसला, जुना मित्र भेटला, की ती उसळून येते. मग हात जातो जुन्या डोसकडे, आणि शरीर झालेलं असतं नवख्याचं.

आमच्या जुन्या चाळीतला एक मुलगा व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला होता. अंग भरलं होतं, आईनं पेढे वाटले होते. गणपतीत मित्रांबरोबर 'एकदाच' झालं, पूर्वीइतकंच. रात्री तो मोठमोठ्यानं घोरत होता. घरच्यांना वाटलं, किती दिवसांनी शांत झोपलाय. सकाळी तो उठला नाही. ते घोरणं झोपेचं नव्हतं, श्वास अडत होता त्याचा.

तुरुंगातून सुटणाऱ्यांचंही हेच. आत मिळालं नाही, सवय मोडली, आणि बाहेर पडल्यावरचे पहिले दोन आठवडे ओव्हरडोसनं मरण्याचा धोका कितीतरी पटीनं वाढलेला असतो. परदेशांतल्या अभ्यासांत हे पुन्हा पुन्हा दिसलंय.

म्हणून घरच्यांनो, तो परत आल्यावर हे त्याला तोंडावर सांगा: 'चुकून घेतलंसच, तर पूर्वीइतकं घेतलंस तर मरशील. आणि एकटा असताना तर नकोच.' 'असं सांगितलं तर परवानगीच दिल्यासारखं होईल,' असं एका ताईंनी लिहिलं होतं. ताई, भीती कळते तुमची. पण त्याला हे ठाऊक नसणं जास्त घातक आहे.

डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, ओठ निळसर, श्वास अगदी सावकाश, हाका मारून जाग नाही, असं दिसलं तर झोपू देऊ नका. लगेच 108 लावा, काय घेतलंय ते न लपवता सांगा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, थांबला तर कृत्रिम श्वास द्या. नॅलोक्सोनचं इंजेक्शन वेळेत मिळालं तर श्वास परत येतो. पण त्याचा असर हेरॉईनआधी उतरू शकतो, म्हणून शुद्धीवर आला तरी दवाखान्यातून लगेच घरी आणू नका.

आणि गर्द सोडवण्यासाठी देतात त्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळीला 'एक नशा सोडून दुसरी' म्हणणाऱ्यांना सांगतो, डॉक्टरांच्या देखरेखीखाली जिभेखाली ठेवायची ती गोळी ओढ आणि टर्की दोन्ही आवरते, आणि हेरॉईनसारखा श्वास बंद पाडण्याचा धोका तिच्यात बराच कमी असतो. मात्र दारू किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर तीही घातक ठरू शकते. घरच्यांच्या दबावाखाली ती मध्येच बंद करू नका. कुठं मिळेल, कुणाला विचारायचं, यासाठी सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे: 14446. फोन त्यानंच करायला हवा असं नाही, आईनं केला तरी चालतो.