ट्रॅक्शन आव्हाँ की डीएस? सिट्रोएनच्या दोन पिढ्या, एकच इंजिन

नमस्कार मंडळी. समोर दोन जुन्या फ्रेंच गाड्या आहेत: डावीकडे 1934 ची सिट्रोएन ट्रॅक्शन आव्हाँ, उजवीकडे 1955 ची डीएस. फ्रेंचमध्ये 'डीएस' म्हटलं की ऐकू येतं 'देवी'. दिसतेही तशीच. पण बॉनेट उघडलं की गंमत कळते. डीएससाठी सहा सिलिंडरचं नवं इंजिन ठरलं होतं, ते बारगळलं. मग ट्रॅक्शनच्या 11 सीव्ही (फ्रेंच कर-अश्वशक्ती) मॉडेलचंच 1911 सीसीचं इंजिन घेतलं आणि त्यावर नवं सिलिंडर हेड चढवलं. दोन्ही गाड्यांवर इंजिनिअर लफेव्र आणि डिझायनर बेर्तोनी याच जोडीचा हात.

ट्रॅक्शनचा अवघड भाग म्हणजे पुढचे ड्राइव्हशाफ्ट. तिथल्या सांध्यांना ग्रीस गन लावायचा कंटाळा केलात, तर स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कटकट सुरू झालीच म्हणून समजा. ब्रेक ड्रम निमुळत्या शाफ्टवर घट्ट बसलेला असतो, तो पुलरनेच काढायचा. हातोडा घातलात तर ड्रमला तडा जाईल, नाहीतर बेअरिंग तरी जाईल. गिअर तीनच, आणि पहिल्याला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर अलगद बसवणारी सोय) नाही, म्हणून गाडी पूर्ण थांबवून मगच पहिला टाका. गिअर अडकतोय? बॉक्स खोलायची घाई नको. क्लच पूर्ण दाबल्याशिवाय गिअरचं लॉक सुटत नाही, त्यामुळे आधी क्लचचं ॲडजस्टमेंट बघा.

डीएसचा सगळा जीव तेलात. सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग आणि सुरुवातीच्या गाड्यांत गिअर-क्लचसुद्धा एकाच पंपाच्या दाबावर चालतात. या तेलाच्या टाकीचं झाकण काढा, आत कोरडी काडी बुडवा आणि पांढऱ्या फडक्यावर टेका. डाग हिरवा आला तर खनिज तेल, 1966 च्या उत्तरार्धानंतरचं. लाल आला तर जुनं; ते हवेतली ओल ओढतं आणि आतून गंज धरवतं. लालमध्ये हिरवं किंवा हिरव्यात लाल पडलं की रबरी सील गेलीच. मग नुसतं तेल बदलून भागत नाही, सगळी सिस्टीम धुऊन सील नवी टाकावी लागतात.

आता कान द्या. इंजिन चालू, गाडी उभी, नेहमीची उंची. तेलाचा दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरचा 'टक्' आवाज घड्याळ लावून मोजा. दोन आवाजांत अर्धा मिनिट जात असेल तर तब्येत बरी. दोन-चार सेकंदांनीच टकटक होत असेल, तर अ‍ॅक्युम्युलेटरच्या (दाब साठवणाऱ्या) गोळ्यातला नायट्रोजन वायू गेलाय किंवा आत कुठेतरी गळती आहे. टक्-टक् ठीक, पण गाडी खड्ड्यात बैलगाडीसारखी आदळतेय? मग चाकांजवळचे सस्पेन्शनचे गोळे तपासा.

आणि हो, डीएस कितीही उंच उभी दिसली तरी घोडी (आधाराचा स्टँड) लावल्याशिवाय खाली शिरू नका. एक पाइप सुटला की ती थेट जमिनीवर बसते.

पहिल्यांदाच जुनी गाडी घेत असाल तर माझं मत ट्रॅक्शनला. तिचं दुखणं हाताला लागतं. डीएसचं दुखणं सीलच्या आत लपलेलं असतं, आणि तो गळका थेंब शोधता शोधता अख्खा रविवार जातो.