सांधे सुजतात तेव्हा हृदयाकडेही बघा

नमस्कार श्रोतेहो.

रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे ज्याला आपण आमवात किंवा नुसतं संधिवात म्हणतो, तो झाला की सगळं लक्ष बोटांकडे, मनगटांकडे, गुडघ्यांकडे जातं. सकाळी तासभर हात आखडलेले असताना दुसरं काही सुचतही नाही. पण ज्या दाहाने सांधे सुजतात, तोच दाह रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराचंही नुकसान करतो. म्हणून या आजारात हृदयविकाराचा धोका साधारण दीडपट होतो. त्यात आपण दक्षिण आशियाई. आपल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक पाश्चात्त्यांपेक्षा काही वर्षं आधीच येतो, मधुमेहही लवकर गाठतो. हे दोन्ही धोके एका माणसात एकत्र आले, तर साठीची वाट बघण्यात अर्थ नाही.

तपासणीत मात्र एक फसगत होते. सांधे सुजलेले आणि सीआरपी, ईएसआर, म्हणजे दाह दाखवणाऱ्या रक्तचाचण्यांचे आकडे, वाढलेले असताना रक्तातलं कोलेस्टेरॉल खाली येतं. रिपोर्ट छान दिसतो आणि धोका मात्र तेव्हाच जास्त असतो. पुढे औषध लागू पडतं, दाह उतरतो, तसं कोलेस्टेरॉल वर चढतं. मग रुग्णाला वाटतं, औषधानंच घात केला. आणि तो मेथोट्रेक्सेट, म्हणजे संधिवाताचं नेहमीचं औषध, परस्पर बंद करतो. कृपा करून असं करू नका. दाह आटोक्यात ठेवणं हीच हृदयाची मोठी राखण आहे. लिपिड प्रोफाइल, म्हणजे कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी, आजार शांत असताना करा. टोसिलिझुमॅब किंवा टोफासिटिनिब हे संधिवाताचं औषध सुरू झालं असेल, तर साधारण दोन महिन्यांनी ते पुन्हा करून घ्या, कारण ही औषधं स्वतःही कोलेस्टेरॉल वाढवतात. पन्नाशी उलटली असेल, धूम्रपान असेल किंवा आधी हृदयाचा त्रास झाला असेल, तर टोफासिटिनिब घेण्याआधीच ते डॉक्टरांना सांगा.

डॉक्टर पुढच्या दहा वर्षांतला धोका कोष्टकावरून काढतात. त्या कोष्टकात संधिवात धरलेला नसेल, तर आलेला आकडा दीडने गुणावा, अशी युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. म्हणजे 8 टक्के आले तर 12 धरायचे. हा गुणाकार केला का, हे बिनधास्त विचारा.

वजनकाट्यावर विसंबू नका. या आजारात स्नायू झिजतात आणि त्यांची जागा चरबी घेते. काटा जिथल्या तिथे राहतो. त्यापेक्षा टेप घ्या. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडून मोजा. आपल्याकडे पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही मर्यादा. गोऱ्या लोकांसाठीचे आकडे याहून सैल आहेत, ते आपल्याला लावू नका.

आता गोळ्या. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, एटोरिकॉक्सिब यांनी दुखणं थांबतं, पण रक्तदाब वाढतो, अंगात पाणी साठतं आणि हार्ट अटॅकचा धोकाही वाढतो. दुकानातून स्वतःच आणून महिनोन्महिने घेणं घातक. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल, तर आयबुप्रोफेन तिचा परिणाम अडवू शकतं. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडने साखर आणि रक्तदाब चढतो, म्हणून डोस शक्य तितका कमी हवा. पण तो डॉक्टरांनीच उतरवायचा. एकदम बंद केला तर जिवावर बेतू शकतं. तंबाखू, ओढायची असो वा चघळायची, पूर्ण सोडा. धुरामुळे तर संधिवाताची औषधंही कमी लागू पडतात.

शेवटचं, आणि हे घरच्यांनीही ऐकावं. डावा खांदा, जबडा, पाठ दुखली की ‘संधिवातच असेल’ म्हणून गोळी घेतली जाते. सांध्याचं दुखणं सहसा तो सांधा हलवला की बदलतं. जिना चढताना सुरू होणारं आणि बसल्यावर थांबणारं दुखणं हृदयाचं असू शकतं; त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. सोबत घाम, धाप, मळमळ असेल, किंवा बसूनही ते थांबत नसेल, तर लगेच 108 ला फोन करा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका, आणि रुग्णालयात पोचताच सांगा की मला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे.