बगदादच्या वर्गात मुके झालेले इमाम गझाली

श्रोतेहो, नमस्कार.

सूफी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दर्गा येतो, चादर येते, लोबानाचा धूर आणि कव्वाली येते. खुलताबादच्या उरुसाला तुमच्यापैकी बरेच जण गेले असतील. महंमद तुघलकानं राजधानी दौलताबादला आणली, त्या काळात दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुरहानुद्दीन गरीब दख्खनेत आले. १३३७ साली ते वारले आणि त्यांची कबर खुलताबादलाच आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद बाबा तर आपल्या घरचेच. मराठीत ओव्या-अभंग लिहिणारे आणि वारकऱ्यांनी संत म्हणून मानलेले.

हे सगळं मला प्रिय आहे. हां, उरुसात आणि जत्रेत हल्ली जे कर्णे लावतात ते मात्र मला अजिबात सहन होत नाहीत. कव्वाल गातो तेव्हा त्याचा श्वाससुद्धा ऐकू यायला हवा. भजनाचंही तेच. असो, हा विषय निघाला की मी थांबत नाही.

आज मला बोलायचंय ते आतल्या गोष्टीबद्दल. धर्म माणसाच्या स्वतःच्या आयुष्यात काय करतो, एकट्याच्या, कोणी बघत नसताना. आणि त्यासाठी मी तुम्हाला बगदादला नेणार आहे, १०९५ सालात.

गोष्ट आहे इमाम गझालींची. गझनीचा महमूद वेगळा बरं का, तो सुलतान. हे अबू हामिद गझाली, विद्वान. जन्म १०५८ सालचा, इराणातल्या तूस गावचा. वडील लहानपणीच गेले. जाताना त्यांनी दोन्ही मुलं एका सूफी मित्राच्या हवाली केली. ठेवलेले पैसे संपले तसं त्या मित्रानं मुलांना सांगितलं, बाळांनो, आता मदरशात जा, तिथं निदान जेवायला मिळेल. म्हणजे एवढ्या मोठ्या विद्वानाची सुरुवात पोटापासून झाली.

पुढं हुशारी अशी की निजाम-उल-मुल्क या सेल्जुक तुर्क सुलतानांच्या वजिरानं १०९१ मध्ये त्यांना बगदादच्या निजामिया मदरशात मुख्य अध्यापक नेमलं. वय तेहेतीस. समोर तीनशे विद्यार्थी. खलिफाच्या दरबारात मान. तत्त्वज्ञान वाचलं, त्याचं खंडनही केलं. मग सूफींचे ग्रंथ हाती घेतले. जुनैद, शिबली, बायजीद बिस्तामी, सगळ्यांची वचनं पालथी घातली. आणि त्यांच्या ध्यानात आलं की वाचून जेवढं मिळण्यासारखं होतं तेवढं मिळालं. उरलेलं वाचून मिळणारं नव्हतं, जगूनच मिळणारं होतं. ते म्हणतात, वैद्य आजारी पडतो तेव्हा त्याला आरोग्याची व्याख्या येत असते, कारणं येत असतात, औषधं येत असतात. फक्त आरोग्य तेवढं नसतं.

मग त्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारला. देव आहे की नाही, हा तो प्रश्न नव्हता. तो वेगळा होता: मी हे शिकवतो ते कशासाठी?

आणि उत्तर आलं, नावासाठी. मानासाठी.

श्रोतेहो, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, पुढं उतारवयात. पुढचे जवळजवळ सहा महिने कसे गेले तेही लिहिलंय. सकाळी ठरवायचे, बगदाद सोडायचं. संध्याकाळपर्यंत बेत मोडायचा. एक मन म्हणे, निघ, आयुष्य थोडं उरलंय. दुसरं मन म्हणे, ही लहर आहे, जाईल. एवढी जागा, एवढा मान, एकदा सोडलास की परत मिळायचा नाही. सकाळी निघायचं, संध्याकाळी राहायचं. सहा महिने हेच.

आणि एके दिवशी जीभ बंद झाली.

वर्गात विद्यार्थी बसलेत. त्यांना निदान आजच्या दिवस तरी शिकवावं म्हणून हा माणूस तोंड उघडतो आणि शब्द फुटत नाही. एकही शब्द नाही. ज्याच्या वाणीसाठी दुरून लोक येत, त्याची जीभ बंद झाली. ते दुःख मनात उतरलं, मग अन्नावरची वासना गेली, घास गिळेना, घोटभर पातळसुद्धा पचेना. हकीम आले. त्यांनी नाडी पाहिली आणि हात टेकले. म्हणाले, हा रोग मनातून शरीरात आलाय. मनावरचं ओझं उतरल्याशिवाय आमचं औषध लागू पडायचं नाही.

नऊशे वर्षांपूर्वीचे हकीम, बघा. रोग्याजवळ बसले, ऐकून घेतलं आणि औषध देण्याऐवजी खरं काय ते सांगितलं. रोग्याजवळ बसायला वेळ असणारा डॉक्टर आज मिळाला तर त्याला सोडू नका, एवढंच सांगतो.

आता सगळे उपाय हरले. गझाली देवाला शरण गेले आणि इतके महिने न सुटलेली गाठ सैल झाली. मान सोडणं, पैसा सोडणं सोपं झालं. मक्केला जातो, असं त्यांनी जाहीर केलं. मनात होतं शाम, म्हणजे सिरिया. खलिफाला कळलं असतं तर सोडलं नसतं. मुलाबाळांच्या पोटापुरतं ठेवलं, बाकी वाटून टाकलं आणि निघाले. दमास्कसला गेले. तिथल्या मोठ्या मशिदीच्या मिनारावर चढायचं, दार आतून लावून घ्यायचं आणि दिवसभर एकटं राहायचं. पुढं जेरुसलेम, मग हज. शेवटी मुलांच्या ओढीनं घरी परत. हे लिहायलाही ते लाजले नाहीत, म्हणून मला ते जास्त आवडतात.

आता काही अभ्यासक म्हणतात, ते घाबरून पळाले. निजाम-उल-मुल्कचा १०९२ मध्ये खून झाला होता, त्याचा आळ बातिनी, म्हणजे इस्माइली शिया पंथावर होता आणि गझालींनी बातिनींविरुद्ध लिहिलं होतं. मला हे पुरेसं वाटत नाही. कारण ११०६ मध्ये तेच गझाली निशापूरच्या निजामियात पुन्हा शिकवायला उभे राहिले, आणि बोलावणारा होता त्याच वजिराचा मुलगा. भीतीच खरी असती तर ते त्या घराच्या सावलीला पुन्हा कशाला गेले असते? ते लिहितात, लोकांना वाटेल मी परतलो, पण मी परतलो नाही. पूर्वी मान मिळवण्याची विद्या शिकवत होतो, आता मान सोडण्याची शिकवतो. वर्ग तसाच, शिकवणंही तसंच. बदललं होतं ते कशासाठी, एवढंच.

एवढंच बदललं, पण त्यातच सगळं आलं. गूढ अनुभव म्हटलं की आपण प्रकाश, नाद, साक्षात्कार असलं काही शोधत बसतो. गझालींच्या बाबतीत सुरुवात झाली ती नियत तपासण्यातून. आणि त्या भटकंतीच्या वर्षांत त्यांनी जो थोरला ग्रंथ रचला, त्यात चाळीस प्रकरणं आहेत. त्यात प्रार्थना आहे तसं जेवावं कसं हेही आहे, कमाई कशी करावी, लग्न, प्रवास, शेजाऱ्याचं देणं, सगळं आहे.

उपासाचंच घ्या. आपल्याकडे म्हणतात, एकादशी आणि दुप्पट खाशी. गझालींनी रोजेदारांना अगदी हेच विचारलंय, की दिवसभर राखलेलं सगळं इफ्तारला भरून काढलं तर रोजा कशाचा? पोटाचा उपास ही त्यांच्या मते पहिली पायरी. दुसरी डोळ्यांची, कानांची, हातांची आणि जिभेची: खोटं नाही, चहाडी नाही, कुणाची निंदा नाही. तिसरी मनाची, आणि ती फार थोड्यांना साधते असं ते सांगतात. आपण दुसरीपासून सुरू करू. पुढच्या एकादशीला, पुढच्या रोज्याला, साबुदाणा किंवा खजूर ताटात येण्याआधी दिवसभर एवढं सांभाळून बघा, की घरात नसलेल्या माणसाबद्दल वाईट बोललो नाही.

नमस्कार.