कोड बाळबोध असू द्या

मोडी लिपी इथे किती जणांना वाचता येते, हात वर करा बरं. दोन. एवढ्या भरलेल्या हॉलमध्ये दोन जण, आणि तिकडे पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडीतले कोट्यवधी कागद आहेत, आपल्याच माणसांनी आपल्याच भाषेत लिहिलेले. भाषा मराठीच आहे, मग अडतं कुठे? अडतं ते असं की मोडी ही लिहिणाऱ्याच्या सोयीची लिपी. कारकुनाने आधी पानभर आडव्या रेघा मारून घ्यायच्या आणि मग हात शक्यतो न उचलता झरझर लिहीत सुटायचं, दोन शब्दांमधे जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही. फडातल्या, म्हणजे पेशव्यांच्या कचेरीतल्या, लोकांना रोजचा सराव होता, लिहिणाराही तिथलाच आणि वाचणाराही तिथलाच, त्यामुळे त्यांचं काम उत्तम चाललं, मोडीला नावं ठेवायला मी आलेलो नाही. पण फडाबाहेरचा माणूस आला की त्याला काहीच कळत नाही. आणि देवनागरीला आपल्याकडे म्हणायचे बाळबोध, पोरालाही बोध व्हावा अशी.

आता बाळबोध हा शब्द आपण जरा कमीपणाने वापरतो, 'अगदीच बाळबोध लिहिलंय' वगैरे. मला तो शब्द कोडसाठी मानाने परत हवा आहे. कारण आपण कोड लिहितो एकदा, आणि वाचतो किती वेळा ते मोजा, रिव्ह्यूला वाचतो, बग आला की वाचतो, नवीन फीचर टाकायच्या आधी वाचतो, सहा महिन्यांनी आपलाच कोड परक्यासारखा वाचतो. सोय वाचणाऱ्याची बघायला हवी.

नुसतं तत्त्व सांगून उपयोग नाही, एक खरा कोड बघू. मायक्रोसॉफ्टचा झून नावाचा म्युझिक प्लेअर होता, आयपॉडच्या स्पर्धेत काढलेला. त्याचं ३० जीबीचं मॉडेल नोव्हेंबर २००६ मधे आलं. ३१ डिसेंबर २००८ च्या दिवशी जगभरातले हे प्लेअर एकामागून एक गोठले, चालू करायला जावं तर सुरुवातीच्या स्क्रीनवरच अडकून बसायचे. कंपनीने उपाय सांगितला तो असा, बॅटरी पूर्ण संपू द्या आणि १ जानेवारीला ग्रीनिचची दुपार झाली की चार्ज करून चालू करा. म्हणजे दिवस उलटला की आपोआप बरा होणारा आजार.

कारण काय निघालं? घड्याळ चालवणाऱ्या ड्रायव्हरमधला एक छोटा लूप, म्हणजे अट खरी आहे तोपर्यंत पुन्हा पुन्हा चालणारा कोड. प्लेअरला माहीत असायचे १ जानेवारी १९८० पासून किती दिवस झाले तेवढेच, त्यावरून आज कुठलं वर्ष चालू आहे ते काढायचं. लूप असा होता, मी मराठीत वाचतो, तुम्ही डोळ्यांसमोर आणा. जोपर्यंत दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत तोपर्यंत फिरत राहा. आत, वर्ष लीप असेल तर, त्याच्या आत अजून एक अट, दिवस ३६६ पेक्षा जास्त असतील तर ३६६ वजा कर आणि वर्ष एकने वाढव. वर्ष लीप नसेल तर ३६५ वजा कर आणि वर्ष एकने वाढव. संपलं. आठ-दहा ओळी.

आता ३१ डिसेंबर २००८ ला काय होतं बघा. वर्ष २००८, लीप, उरलेले दिवस बरोबर ३६६. ३६५ पेक्षा जास्त? हो, आत या. लीप? हो. ३६६ पेक्षा जास्त? नाही. मग काय करायचं? त्याबद्दल कोड गप्प आहे, तिथे एल्सच, म्हणजे 'नाहीतर हे कर' अशी ओळच, नाही. काही न बदलता परत वर, ३६५ पेक्षा जास्त? हो... आणि हे असंच चालू राहणार. बाजारात आल्यापासून दोन वर्षं काही झालं नाही कारण त्यांच्या आयुष्यातलं पहिलं लीप वर्ष २००८ च होतं, आणि त्यातल्या एकाच दिवशी ही वाट लागते.

हा बग दिसला तेव्हा बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया अशी की तिथे एल्स टाका, ब्रेक टाका, झालं. चालेल की, प्रोग्राम सुटेल त्यातून. पण मला सांगायचं आहे ते वेगळं. हा कोड वाचताना डोक्यात काय काय धरून ठेवावं लागलं ते आठवा. लूपची अट ३६५ म्हणते, आतली ३६६ म्हणते, वजाबाकी एकीकडे ३६६ ची आणि दुसरीकडे ३६५ ची, वर्ष वाढवायची ओळ दोनदा. खरं तर या सगळ्यामागे एकच माहिती आहे, 'या वर्षात दिवस किती'. ती एका जागी न ठेवता चार ठिकाणी सांडली, आणि त्यातल्या एका ठिकाणी, लूपच्या अटीत, ती चुकीची आहे, कारण तिथे सगळ्या वर्षांना ३६५ च धरलंय.

मग ती माहिती एका जागी आणू. एक छोटं फंक्शन, नाव 'वर्षातले दिवस', त्याला वर्ष द्या, ते ३६५ किंवा ३६६ परत देईल. आता लूप असा होतो: जोपर्यंत दिवस हे या वर्षातल्या दिवसांपेक्षा जास्त आहेत तोपर्यंत तेवढे दिवस वजा कर आणि वर्ष वाढव. बस. आत एकही इफ नाही. २००८ ला ३६६ हे ३६६ पेक्षा जास्त नाहीत म्हणून लूप थांबतो, उत्तर ३१ डिसेंबर. आपण बग शोधून दुरुस्त केला असंसुद्धा म्हणता येणार नाही, त्याला बसायला जागाच राहिली नाही. माझं आजचं सगळं बोलणं या एका गोष्टीभोवती आहे. कोड सोपा करणं हे रंगरंगोटीचं काम नाहीये, एक माहिती चार ठिकाणी सांडलेली असते तिथेच बग राहतात.

इथे काही जण म्हणतील की यासाठी टूल्स आहेत ना. आहेत. थॉमस मॅकेब यांनी १९७६ साली सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी मांडली, सोप्या भाषेत फंक्शनमधले फाटे मोजा, प्रत्येक इफ, प्रत्येक लूप, आणि त्यात एक मिळवा. दहाच्या वर गेलं तर विचार करा असा त्यांचा हिशोब. चांगलं माप आहे, मी स्वतः वापरतो. पण झूनच्या त्या लूपचं मोजा, एक लूप, दोन इफ, अधिक एक, चार. दहाच्या कुठे जवळपास नाही! टूलने हिरवा झेंडा दाखवला असता. कारण तीन अटी एकाखाली एक असणं आणि तीन अटी एकमेकींच्या पोटात असणं हे या मापाला सारखंच, वाचणाऱ्याला मात्र अजिबात सारखं नाही. पोटातल्या अटीपाशी पोचेपर्यंत बाहेरच्या दोन्ही डोक्यात ठेवाव्या लागतात.

म्हणून नेस्टिंगबद्दल, म्हणजे अटीच्या पोटात अट घालण्याबद्दल, मी जरा हट्टी आहे. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, लिखाणाच्या नियमांत सरळ म्हटलंय की तीनपेक्षा जास्त पातळ्या लागत असतील तर आधी प्रोग्राम नीट करा, आणि इंडेंट, म्हणजे प्रत्येक पातळीला डावीकडे सोडायची जागा, आठ अक्षरांचा ठेवलाय म्हणजे खोल गेलात की कोड स्क्रीनच्या उजव्या कडेला जाऊन थडकतो, आपोआप कळतं. त्याच नियमांत हेही आहे की एका फंक्शनमधे पाच ते दहापेक्षा जास्त लोकल व्हेरिएबल, म्हणजे त्या फंक्शनपुरती नावं देऊन ठेवलेली मूल्यं, नकोत, कारण माणसाला एका वेळी साधारण सात गोष्टींचंच भान ठेवता येतं. इतक्या कसलेल्या लोकांनी स्वतःच्या डोक्याची मर्यादा कागदावर मान्य केलीय, मला हे फार आवडतं.

नेस्टिंग काढायचं कसं? तहसीलच्या खिडकीवर अर्ज द्यायला गेलात आणि सातबारा जोडलेला नाही, तर माणूस काय करतो? खिडकीवरच परत करतो. सही नाही, परत. तिकीट नाही, परत. खिडकीतून आत गेलेला अर्ज पूर्ण आहे हे आतल्या माणसाला माहीत असतं, तो शांतपणे मूळ काम करतो. फंक्शनचंही तसंच लिहा. नको त्या केसेस सुरुवातीलाच रिटर्न करून मोकळे व्हा, आणि मग मुख्य काम डाव्या कडेला सरळ खाली उतरू द्या. 'युजर असेल तर, लॉगिन असेल तर, बॅलन्स असेल तर' अशी बाहुलीच्या पोटात बाहुली केलीत तर मुख्य काम चौथ्या बाहुलीत सापडतं, आणि त्या सगळ्या इफचे एल्स खाली कुठेतरी उलट्या क्रमाने येतात.

नावांबद्दल थोडक्यात. मी एके ठिकाणी कर्जाच्या व्याजाचा कोड सांभाळायचो, त्यात एक फंक्शन होतं हिशोबाचं आणि त्याला बोलवायचं 'ट्रू, फॉल्स, ट्रू' असं देऊन. मधला फॉल्स म्हणजे काय? दर वेळी दुसरी फाईल उघडायची. मी त्याची तीन वेगळी फंक्शनं केली, ज्यांची नावं वाचून कळायचं कुठलं व्याज ते, आणि हे करताना सापडलं की एका ठिकाणी ट्रू आणि फॉल्सची अदलाबदल होऊन दंडव्याज लागतच नव्हतं. कित्येक महिने. सगळ्यांनी ती ओळ वाचली होती, मीही वाचली होती. आणि नकाराची नावं नकोत, 'नॉट डिसेबल्ड' नसेल तर... 'मला यायचं नाही असं नाही' हे बोलताना ठीक आहे, समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं, कोडला चेहरा नसतो.

आता मेलेल्या कोडबद्दल, कारण याकडे फार दुर्लक्ष होतं. नाइट कॅपिटल ही अमेरिकेतली शेअर ट्रेडिंगची मोठी कंपनी. त्यांच्या सिस्टिममधे पॉवर पेग नावाचं एक जुनं फंक्शन होतं, २००३ नंतर वापरात नसलेलं, पण कोणी काढलं नाही. २०१२ मधे नवीन फीचर आणताना जुन्या फंक्शनचाच फ्लॅग, म्हणजे ते चालू-बंद करायची खूण, नव्या कामाला वापरला. आठ सर्व्हर होते, त्यातल्या एकावर नवा कोड टाकायचा राहिला. १ ऑगस्टला सकाळी बाजार उघडला, फ्लॅग चालू झाला, सात सर्व्हरवर त्याचा अर्थ नवा आणि आठव्यावर जुना, तिथे पॉवर पेग जागं झालं आणि ऑर्डरी सोडत सुटलं. साधारण ४५ मिनिटांत ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान. डिप्लॉयमेंटची चूक होतीच, पण तो कोड २००३ नंतर कधीतरी डिलीट केला असता तर त्या आठव्या सर्व्हरवर जागं व्हायला काही उरलंच नसतं. आपल्याला डिलीट करायची भीती वाटते, लागलं तर असू दे म्हणून कमेंटमधे ठेवतो. गिटमधे आहे ना कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास, काढा बिनधास्त.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो नाहीतर गैरसमज होईल. सगळी गुंतागुंत काढता येत नाही आणि काढूही नये. फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ मधे हा फरक मांडला, काही गुंतागुंत मूळ प्रश्नातली असते आणि काही आपण वरून आणलेली. लीप वर्षाचाच नियम घ्या, ४ ने भाग जायला हवा, पण १०० ने जात असेल तर नाही, पण ४०० ने जात असेल तर परत हो, म्हणून १९०० लीप नव्हतं आणि २००० होतं. हे पृथ्वीच्या फिरण्यातून आलंय, आपल्या पंचांगात अधिक मास येतो तसंच. ते कोडमधे येणारच. तुमच्या हातात एवढंच की ते एका फंक्शनमधे, एका नावाखाली बंद राहील. झूनच्या कोडमधे लीप वर्षाचं फंक्शन होतंच, बिघडलं ते त्याच्या बाहेर.

आणि उलट्या दिशेनेही अति करू नका. दर दोन ओळींचं एक फंक्शन केलं की वाचणारा वीस फाईलींत उड्या मारत बसतो, ओझं तेवढंच राहतं, फक्त पसरतं. सहा ओळींचं काम एका ओळीत ठासून भरणं हे तर मोडीच झालं परत. माझी कसोटी साधी आहे, शेजारच्या टीममधल्या कुणाला तरी बोलवायचं, ज्याने हा कोड पाहिलेला नाही, आणि मोठ्याने वाचायला लावायचं, आपण काही समजावायचं नाही. तो जिथे थांबतो आणि स्क्रोल करून वर जातो ती ओळ लिहून ठेवायची. दुरुस्तीला हात घालायच्या आधी टेस्ट लिहा एवढं मात्र विसरू नका, झूनसारख्या कोडला ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी, लीपचं आणि बिनलीपचं, चार तारखांच्या टेस्ट पुरल्या असत्या.

मागून एक प्रश्न आलाय, चांगला आहे, की लूपच्या प्रत्येक फेरीत फंक्शन बोलवायचं म्हणजे स्लो नाही का होणार, आणि तेही एवढ्याशा प्लेअरवर. मोजू या. १९८० पासून २००८ पर्यंत यायला लूपच्या फेऱ्या किती? २८. प्रत्येक फेरीत जास्तीत जास्त दोनदा बोलावलं, शेवटची तपासणी धरली तरी साठच्या आत, आणि तेसुद्धा तारीख काढायची असेल तेव्हाच. तोच प्लेअर गाण्याच्या एका सेकंदासाठी ४४,१०० सॅम्पल, म्हणजे आवाजाचे आकडे, तयार करून हेडफोनला देत होता.