‘संबंध’ कशाला म्हणायचं?

बसा, बसा. मागे ऐकू येतंय ना? पत्रिकेवर विषय ‘तोंडाचे आरोग्य’ असा छापलाय. मी कळवलेला विषय ‘मुखमैथुन आणि लैंगिक आजार’ असा होता, कार्यवाहांनी तो सोवळ्यात घेतला. त्यामुळे कुणी कवळीचं विचारायला आलं असेल तर रागावू नये, आणि उठूनही जाऊ नये.

तीस वर्षं मी त्वचारोग आणि गुप्तरोग पाहिले. माझं भांडण या ‘गुप्तरोग’ शब्दाशी आहे. रुळालगतच्या भिंतींवर तो इतका रंगवलाय की हा आजार गुप्त जागीच होतो, अशी सगळ्यांची समजूत. तोंड बिचारं उघड्यावर, त्याच्यावर कोण संशय घेणार?

एक गृहस्थ आले होते. चाळिशीचे, खिशाला पेन, हातात डबा. खालच्या ओठाला आतून एक व्रण, वाटाण्याएवढा, कडा कूर्च्यासारख्या घट्ट, आणि दुखत अजिबात नाही. “उष्णता झालीय,” ते म्हणाले. दोन आठवडे गुलकंद, सब्जा आणि बी-कॉम्प्लेक्स चालू. दाताच्या डॉक्टरांनी एक टोकदार दातही घासून दिलेला. जबड्याखाली चाचपलं तर गाठी. मी विचारलं, “बाहेर कुठे संबंध आला होता का?” “छे हो!” परत विचारलं. “डॉक्टरसाहेब, आईशप्पथ नाही.” मला वाटलं, लपवतोय. खरं तर माणूस अगदी प्रामाणिक होता, प्रश्नच माझा आंधळा होता. शेवटी लाज गुंडाळून ठेवून सरळ म्हटलं, “तोंडाने काही केलं होतं?” चेहरा उजळला हो त्यांचा! “हां, ते केलं. पण त्याला कुठे संबंध म्हणतात?”

व्हीडीआरएल ही रक्ताची तपासणी पॉझिटिव्ह. सिफिलिस. आपली जुनी माणसं त्याला ‘गरमी’च म्हणायची, म्हणजे ‘उष्णते’चं निदान पेशंटनेच केलं होतं म्हणा. (सोळाव्या शतकात भावमिश्रांनी त्याला ‘फिरंग’ रोग म्हटलंय. दोष नेहमी पाहुण्याचा!) दोन्ही कुल्ल्यांवर एकेक सुई, बेंझाथिन पेनिसिलिन, मिळून 24 लाख युनिट. गंमत अशी की हा व्रण तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरतो. श्रेय गुलकंदाला गेलं असतं, आणि रोग आतल्या आत पसरून पुढे तळहातांवर पुरळ घेऊन उगवला असता.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? मुख्य विषय अजून राहिलाय की. बरं, भराभर सांगतो.

एचआयव्ही. सगळ्यांना हाच घोर. मुखमैथुनातून तो होण्याचा धोका फारच कमी. तोंडात जखमा असल्या, हिरड्यांतून रक्त येत असलं तर थोडा वाढतो, म्हणून ‘त्या’आधी लगेच दात खसाखसा घासू नका. पण एचआयव्ही निगेटिव्ह आला म्हणजे बाकीच्यांचीही सुट्टी झाली, असं नाही.

परमा, म्हणजे गनोरिया, घशात बसतो आणि बहुतेकदा चूं करत नाही. लघवीच्या तपासणीत घशातला सापडत नाही, घशाचाच स्वॅब लागतो. तिथला बरा करणंही अवघड. सेफिक्झिमच्या गोळ्या घशात कमी पडतात, सेफ्ट्रिॲक्सोनचं इंजेक्शन लागतं. शिवाय घशात त्याचे निरुपद्रवी भाऊबंद राहतात, त्यांच्याकडून तो औषधाला दाद न देणारी जनुकं उसनी घेतो.

ओठावर फोडांचा ‘जर’ उठतो ना, तोच हर्पिस तोंडावाटे खाली जननेंद्रियांवर जातो. फोड असताना लांब राहा. फोड नसतानाही तो पसरू शकतो, हेही ध्यानात ठेवा.

एचपीव्ही नावाचा विषाणू, त्यातला 16 नंबरचा, टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचा कॅन्सर करतो. आपल्याकडे त्या भागात तंबाखूचं पाप मोठं आहे, पण म्हणून हा निर्दोष सुटत नाही. लस आहे. पुण्याच्या सीरमची 2023 मध्ये आली. मुलग्यांनाही देता येते, आणि नऊ ते चौदा वर्षांत दिलेली उत्तम.

कंडोम तोंडासाठीही वापरायचा. स्त्रीच्या बाबतीत त्याचं टोक आणि कडं कापून, उभा चिरून पडद्यासारखा धरायचा... हसा, पण लक्षात ठेवा. सरकारी रुग्णालयांत या आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, 1097 या हेल्पलाइनवर फोनही करता येतो. गेलात की ‘घसाही तपासा’ असं आपणहून सांगा. डॉक्टर विचारेलच असं नाही, मी कुठे विचारलं होतं?

अध्यक्ष उठले. प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्या, नाव नको. कवळीवालेही चालतील.